कर्करोग उपचारकाळातील त्रास व त्यांचे व्यवस्थापन

कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार अर्थात केमोथेरपी आणि किरणोपचार अर्थात रेडिओथेरपी यांच्यामुळे रुग्णाला अनेक शारीरिक व मानसिक त्रास होतात. हे त्रास होऊ न देणे, झाल्यास वेळीच ओळखणे आणि ते सुसह्य करणे या कार्यास आधारोपचार किंवा साहाय्यक उपचार असे म्हणतात. रोग बरा करणारे उपचार व आधारोपचार या दोन वेगळ्या वाटा नाहीत. त्रास असह्य झाला की मात्रा कमी करावी लागते, पुढचे चक्र लांबते किंवा रुग्ण उपचार अर्धवट सोडून गावी परततो. बरा होण्याजोगा रोगही अशा वेळी हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून आधुनिक कर्करोगशास्त्रात आधारोपचारांना मुख्य उपचारांइतकेच महत्त्व दिले जाते.

त्रास का होतात

रसायनोपचारातील बहुतेक जुनी औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी अशा असतातच, परंतु निरोगी शरीरातही काही पेशींचे विभाजन अखंड चालू असते. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात, तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे श्लेष्मल अस्तर काही दिवसांत नवे होते आणि केसांची मुळे सतत वाढत असतात. औषधाला आपला-परका हा भेद पुरेसा कळत नाही. त्यामुळे रक्तपेशी घटणे, तोंड येणे, जुलाब होणे व केस गळणे हे त्रास एकाच कारणाची निरनिराळी रूपे ठरतात.

सर्वच त्रास या एका कारणाने होत नाहीत. अंगणात सहज उगवणाऱ्या सदाफुलीच्या झाडापासून व्हिनब्लास्टिन व व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधे मिळतात. व्हिनक्रिस्टिनने केस जातात, पण त्याचा अधिक जाच मज्जातंतूंना होतो. हातापायांना मुंग्या येतात आणि आतड्याची हालचाल मंदावून तीव्र बद्धकोष्ठ होतो. (औषधे मिळतात ती शुद्ध करून व मोजून दिलेली असतात. सदाफुलीची पाने चावून खाणे हा उपचार नव्हे, ते विषप्राशन होय.) डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, परंतु आधी सांगितले नसल्यास रुग्ण व घरचे हबकून जातात.

किरणोपचाराचे परिणाम मुख्यतः ज्या भागावर किरण सोडले त्या भागापुरते असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरण दिले तर डोक्यावरचे केस जात नाहीत; जुलाब व लघवीची जळजळ मात्र होऊ शकते. थकवा हा एक त्रास त्याला अपवाद आहे, तो सर्व शरीराला जाणवतो.

रसायनोपचार बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या चक्रांनी देतात. मधला काळ निरोगी पेशींना सावरण्यासाठी असतो. त्रासांनाही त्यामुळे एक वेळापत्रक असते: पहिले काही दिवस मळमळीचे, साधारण पाचव्या दिवसापासून तोंड येण्याचे आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असण्याचे. साध्या दिनदर्शिकेवर औषधाचा दिवस व त्यानंतरचे त्रास नोंदवून ठेवले, तर दुसऱ्या चक्रापासून काय केव्हा होईल याचा अंदाज येतो आणि डॉक्टरांनाही मात्रा ठरविताना त्या नोंदी उपयोगी पडतात.

ताप

रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णाचा ताप हा इतर माणसाच्या तापासारखा नसतो. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढणारी पहिली फळी होत. त्यांची संख्या एका घन मिलिमीटरमध्ये ५०० च्या खाली गेली की शरीरात, विशेषतः आतड्यात, एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतूही रक्तात शिरून काही तासांत रुग्णाच्या जिवावर उठू शकतात. पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज येत नाही, खोकल्याबरोबर बेडका पडत नाही. ताप हे पुष्कळदा एकमेव लक्षण असते.

म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक भरल्यास, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरल्यास, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे लागते. सकाळपर्यंत वाट पाहणे येथे धोक्याचे आहे. रुग्णालयात पोहोचल्यापासून शक्यतो तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करणे हा सर्वमान्य प्रघात आहे. रक्ततपासणीचे सर्व निष्कर्ष हाती येईपर्यंत थांबले जात नाही.

घरोघरी होणारी चूक अशी की, अंग कोमट लागले की प्रथम पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. ताप उतरतो, सर्वांना हायसे वाटते आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. आधी तापमापकाने ताप मोजावा, डॉक्टरांना कळवावे आणि ते सांगतील तर गोळी द्यावी, असा क्रम आहे. हाताने कपाळ चाचपणे पुरेसे नाही. उपचार सुरू होण्यापूर्वी घरात तापमापक असावा व तो वाचता येणारी एक व्यक्ती असावी. ग्रामीण भागात ही व्यक्ती अनेकदा शाळेत जाणारे मूल असते. या काळात एनिमा व गुदद्वारातून द्यावयाची औषधे टाळतात, कारण तेथील नाजूक अस्तराला इजा झाल्यास जंतूंना थेट वाट मिळते.

रुग्णालय शंभर-दीडशे किलोमीटर दूर असेल तर रात्री कोठे जायचे हा प्रश्न ताप आल्यावर सोडवता येत नाही. जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखविण्यासाठी औषधांची नावे, शेवटच्या मात्रेची तारीख व उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद जवळ असला, तर तेथील डॉक्टरांना प्रतिजैविक लगेच सुरू करता येते.

पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून काही रुग्णांना फिलग्रास्टिम या प्रकारची इंजेक्शने त्वचेखाली देतात. अस्थिमज्जेचे काम वाढल्याने त्यानंतर कंबर व पाठ दुखते, ते औषध लागू पडत असल्याचे चिन्ह समजतात. संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय मात्र साबणाने हात धुणे हाच आहे. रुग्णाच्या भेटीला येणाऱ्या पाहुण्यांनाही तो लागू आहे, आणि सर्दी-खोकला असलेल्याने भेटीला न येणे हीच त्याची आपुलकी.

मळमळ व उलटी

सिसप्लॅटिन हे औषध १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. ते उलटीविरोधी औषधांच्या साथीशिवाय दिल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. केमोथेरपीविषयी समाजात जी धास्ती आहे ती बरीचशी त्या काळातील आहे. पुढे संशोधनातून दिसले की अशी औषधे आतड्याच्या अस्तरातील काही पेशींमधून सेरोटोनिन हे द्रव्य बाहेर टाकायला लावतात आणि त्याचा संदेश मेंदूतील वमनकेंद्राकडे जातो. हा संदेश अडविणारे ऑन्डॅन्सेट्रॉन १९९० च्या सुमारास वापरात आले व चित्र पालटले. त्यानंतर दुसऱ्या एका संदेशमार्गावर काम करणारे ॲप्रेपिटंट २००३ मध्ये आले. आज डेक्सामेथासोन, ओलान्झापिन व ही औषधे एकत्र देऊन बहुसंख्य रुग्णांच्या उलट्या रोखता येतात.

मळमळीचे तीन प्रकार मानतात. औषध दिल्यापासून २४ तासांत होणारी ती तीव्र आणि त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत राहणारी ती विलंबित. रुग्णालयातून घरी आल्यावर बरे वाटते म्हणून दिलेल्या गोळ्या बंद केल्या जातात, आणि विलंबित मळमळ नेमकी तेव्हाच गाठते. या गोळ्या उलटी थांबविण्यासाठी नसून ती होऊ नये यासाठी असतात, हे लक्षात न आल्याने हा प्रकार वारंवार घडतो.

तिसरा प्रकार पूर्वानुमानित मळमळीचा. आधीच्या चक्रांत खूप उलट्या झालेल्या रुग्णाला पुढे रुग्णालयाची पायरी चढताच, स्पिरिटचा वास येताच किंवा सलाईनची बाटली दिसताच उमासे येऊ लागतात, औषधाचा थेंबही शरीरात गेलेला नसताना. घंटा ऐकून लाळ गाळणाऱ्या पावलोव्हच्या कुत्र्याचा प्रयोग शालेय पुस्तकांतून परिचित आहे, त्याच नियमाने हे घडते. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होय. एकदा जडलेल्या या प्रतिसादावर उलटीची नेहमीची औषधे फारशी चालत नाहीत. आदल्या रात्री दिलेले चिंताशामक औषध, स्नायू शिथिल करण्याचा सराव व लक्ष अन्यत्र वळविणे यांचा उपयोग होतो. पहिल्याच चक्रात उलटी होऊ न देणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

आहारात थोडे थोडे व वारंवार खाणे, फोडणीच्या वासापासून दूर बसणे आणि अन्न गरम वाफाळते न घेता कोमट किंवा गार घेणे सोयीचे पडते, कारण गार अन्नाला वास कमी येतो. आल्याचा तुकडा, लिंबू किंवा आवळा काहींना मानवतो, तोंड आले असेल तर झोंबतो. मळमळीच्या दिवसांत आवडता पदार्थ आग्रहाने खाऊ घालू नये. त्या पदार्थाशी मळमळीची सांगड बसून तो पुढे कायमचा नकोसा होतो.

तोंड, घसा व अन्न

भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे व तंबाखू, गुटखा आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे होत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. भाजलेल्या तंबाखूची मिशरी दातांना लावण्याची सवय ग्रामीण स्त्रियांत अद्याप आढळते आणि ती व्यसनात मोजली जात नसल्याने डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितलीही जात नाही. उपचार चालू असताना मिशरी सुरू राहिली तर तोंडातील जखमा भरत नाहीत.

डोके व मान या भागातील कर्करोगासाठी किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस असे सहा ते सात आठवडे चालतात. पहिले दोन आठवडे बरे जातात. नंतर तोंडाचे अस्तर लाल होऊन सोलवटते, लाळ चिकट होऊन आटते, चव जाते आणि घोट गिळणे कठीण होते. याच टप्प्यावर उपचार सोडण्याचा मोह सर्वाधिक असतो. मध्ये पडलेल्या खंडामुळे रोग आटोक्यात येण्याची शक्यता मात्र कमी होते. हा त्रास किरणोपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढलेला राहतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. ही गोष्ट आधी ठाऊक असलेला रुग्ण शेवटच्या दिवशी निराश होत नाही.

तोंडाच्या निगेसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरणे हा साधा व उपयुक्त उपाय आहे. मद्यार्क असलेली बाजारी द्रव्ये आग करतात. मऊ ब्रश वापरावा, राखुंडी व कडक दातवण टाळावे. फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम देतात तेव्हा त्या सुमारास अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात धरल्यास तोंडातील रक्तवाहिन्या आकसून तेथे औषध कमी पोहोचते व तोंड कमी येते. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यास गार पदार्थ सोसत नाहीत. त्याने माठातील पाणीही काही दिवस टाळावे.

किरणोपचारापूर्वी दंतवैद्याची तपासणी अत्यावश्यक आहे. किडके दात आधी काढून जखम भरू देतात. नंतर काढावे लागल्यास किरणांनी रक्तपुरवठा कमी झालेले जबड्याचे हाड भरून येत नाही व सडू लागते. सुपारीमुळे आधीच आखडलेले तोंड किरणांनी अधिक आखडते, यास्तव तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, ही घरच्या घरी करण्याजोगी कसोटी आहे.

खाण्याविषयी उपदेश करणारे रुग्णाला फार भेटतात. कोणी दूध बंद करते, कोणी साखर, कोणी फक्त फळांच्या रसावर ठेवते. वजन घटणाऱ्या रुग्णाचे अन्न तोडणे हा पथ्याचा विपर्यास आहे. मऊ भात व वरण, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, तांदळाची पेज, शिरा, घुसळलेले दही, अंडे असे मऊ पण पोषक अन्न या काळात लागते. त्यातील तेल-तूप कमी करण्याचे कारण नसते. पांढऱ्या पेशी कमी असताना उघड्यावरचे व शिळे अन्न टाळावे, फळे धुऊन सोलून द्यावीत. काढे, भस्मे व वनस्पतींचे अर्क घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नयेत. त्यांपैकी काही यकृतावर ताण आणतात, काही औषधांची रक्तातील पातळी बदलतात.

गिळणे अगदीच थांबले तर नाकातून जठरात नळी घालतात. घरच्यांना ती शेवटाची खूण वाटते. वस्तुतः ती उपचार पूर्ण करता यावेत म्हणून काही आठवडे घातलेली असते आणि तिच्यातून घरी केलेले पातळ अन्न गाळून देता येते.

सुया, नळ्या व तपासण्या

वारंवार सुया टोचून हाताच्या शिरा कठीण होतात व सापडेनाशा होतात. भरपूर पाणी पिऊन गेल्यास व हात कोमट पाण्याने शेकल्यास शीर लवकर मिळते. औषध चालू असताना टोचलेल्या जागी जळजळ, टणकपणा किंवा सूज जाणवली तर लगेच परिचारिकेला सांगावे. काही औषधे शिरेबाहेर झिरपल्यास कातडी व स्नायू जाळतात. संकोचाने गप्प बसलेल्या रुग्णाचे येथे मोठे नुकसान होते. दीर्घ उपचारांसाठी दंडातून मोठ्या शिरेपर्यंत नळी घालतात किंवा गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेत पोर्ट बसवितात. दंडातील नळीची मलमपट्टी आठवड्याला बदलावी लागते व ती भिजू द्यायची नसते; विहिरीवर किंवा नदीवर अंघोळ करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावे लागते.

तपासणीची भीती बहुधा अज्ञाताची असते. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध सोडताच सर्वांगातून उष्णतेची लाट जाते व लघवी झाल्याचा भास होतो. तो क्षणिक असतो. एमआरआयचे यंत्र हातोडे मारल्यासारखा आवाज करते. कानात बोळे व हातात घंटेचा फुगा देतात, तो दाबला की तपासणी थांबते. पेट स्कॅनसाठी उपाशीपोटी जावे लागते आणि किरणोत्सारी साखर टोचल्यावर सुमारे तासभर न बोलता पडून राहावे लागते, कारण हालचाल केलेले स्नायूही ती साखर शोषतात. तिच्यातील फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने त्या दिवशी काही तास गरोदर स्त्रिया व लहान मुले यांपासून दूर राहण्यास सांगतात.

अस्थिमज्जेचा नमुना कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. भुलीच्या इंजेक्शनने कातडी व हाडाचा पृष्ठभाग बधिर होतो, पण मज्जा ओढून घेताना काही सेकंद विचित्र कळ येते. ती भुलीने पूर्ण जात नाही. ‘काही दुखणार नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘आता दहापर्यंत मोजा’ असे सांगणारा डॉक्टर रुग्णाचा विश्वास राखतो. मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांना ही तपासणी व पाठीतून पाणी काढण्याची क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. तासभर आधी बधिर करणारे मलम लावणे, गुंगीचे औषध देणे, आईने जवळ बसणे, फुगे फुंकायला लावणे या उपायांनी मुलाची भीती कमी होते. शिक्षा म्हणून ‘सुई देईन’ असे धमकावण्याची घराघरांतील रीत येथे महागात पडते.

डोके-मानेच्या किरणोपचारासाठी जाळीदार प्लॅस्टिकचा गरम पत्रा चेहऱ्यावर दाबून मुखवटा घडवितात व प्रत्येक वेळी तो टेबलाला पक्का बसवितात. त्यातून श्वास घेता येतो व किरण लागताना दुखत नाही. तंत्रज्ञ खोलीबाहेर असले तरी कॅमेऱ्यातून पाहत असतात. हात वर केल्यास यंत्र थांबविले जाते. किरण दिलेल्या त्वचेवर हळद, चंदन किंवा तेल चोळू नये, सैल सुती कपडे घालावेत आणि आखलेल्या खुणा पुसू नयेत.

इतर त्रास

थकवा हा सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा त्रास आहे. तो झोपेने जात नाही. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार नाही ना हे पाहून झाल्यावर रोज थोडे चालणे हा, ऐकायला उलटा वाटला तरी, सिद्ध झालेला उपाय आहे. केस साधारण दोन ते चार आठवड्यांत गळू लागतात व उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, प्रथम पुष्कळदा कुरळे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी तळपाय बधिर होतात. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, शर्टाची बटणे लावता येत नाहीत. अशी चिन्हे डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा वेळीच बदलता येते. कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहात व तळपाय लाल होऊन सोलतात. त्यावर डायक्लोफेनॅकचे मलम लावल्याने हा त्रास कमी होतो, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासात दिसून आले.

वेदना

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी पायऱ्यांची पद्धत मांडली. सौम्य वेदनेस साधी वेदनाशामके व तीव्र वेदनेस मॉर्फिन असे तिचे सूत्र आहे. वेदना होण्याची वाट न पाहता गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यावयाच्या असतात. अफूच्या या वंशजाविषयी दोन समज रुग्णांना वेदनेत ठेवतात: व्यसन लागते हा एक, आणि मॉर्फिन म्हणजे अखेर जवळ आली हा दुसरा. वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन क्वचितच लागते आणि पुढे वेदनेचे कारण दूर झाल्यास ते हळूहळू बंदही करता येते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कडक परवान्यांमुळे ते मिळणेच दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले. तरीही लहान गावांतील दुकानांत ते मिळत नाही. मॉर्फिनबरोबर रेचक प्रथमपासून द्यावे लागते, कारण सुरुवातीची मळमळ काही दिवसांत जाते पण बद्धकोष्ठ जात नाही. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोल दिल्यास तो आतड्यात घट्ट बसतो; येथे आतड्याला चालना देणारे औषध लागते.

रोगाचे नाव लपविणे

अनेक कुटुंबांत निदान रुग्णापासून लपविले जाते. हेतू मायेचा असतो. परंतु आपल्याला काय झाले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ताप का मोजायचा, तोंड का धुवायचे, सहावे चक्र का घ्यायचे हे पटविता येत नाही. साक्षर रुग्णापासून ही गोष्ट लपतही नाही, रुग्णालयाच्या पाटीवरच ती लिहिलेली असते. मग रुग्ण व घरचे दोघेही एकमेकांसाठी अज्ञानाचे सोंग घेतात आणि रुग्ण भीतीत एकटा पडतो. किती सांगावे हे रुग्णालाच विचारून ठरवावे, सर्व एकाच बैठकीत सांगू नये, असे या क्षेत्रातील अनुभवी डॉक्टर मानतात.

महाराष्ट्र व गोव्यातील सोयी

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. देशाच्या सर्व भागांतून येथे रुग्ण येतात व उपचारांच्या महिन्यांत राहण्याची जागा मिळविणे हीच त्यांच्यापुढची पहिली अडचण असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना अत्यल्प दरात निवारा देते. वांद्रे येथील शांती आवेदना सदन ही १९८६ मध्ये सुरू झालेली भारतातील पहिली शुश्रूषागृह-संस्था. तिची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे सिप्ला वेदनाशामक उपचार केंद्र १९९७ पासून काम करते व घरी रुग्णाची काळजी कशी घ्यावी याचे शिक्षण नातेवाइकांना देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रसायनोपचार, किरणोपचार व कर्करोगाच्या शस्त्रक्रिया यांचा समावेश आहे. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, ते पहिल्याच भेटीत मागून घेतल्यास पुढील फेऱ्यांचा खर्च वाचतो.